कारकुनाने लेखणी खाली ठेवली, त्याविषयी

माझ्या कादंबरीतला देश कुठल्याही नकाशावर नाही. तिथला हुकूमशहा एकतीस वर्षे राज्य करतो आणि अकरा दिवसांत पडतो. कडोलीच्या, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत, इतकेच काय लग्नाच्या पंगतीतही मला एकच प्रश्न विचारला जातो : लाखो माणसे रस्त्यावर उतरली असताना हुकूमशहाला पाडण्याचे श्रेय तुम्ही सरकारी धान्यकोठारातल्या एका कारकुनाला का दिलेत? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी एक शंका फेडून टाकतो. तो देश म्हणजे आपला सीमाभाग नव्हे. 1956 पासूनचे आपले दुखणे खरे असले, तरी मतपेटीतून, मोर्च्यांतून आणि सर्वोच्च न्यायालयात लढता येणारे भांडण वेगळे आणि हुकूमशाही वेगळी. देश काल्पनिक ठेवला तो अशासाठी की, बेळगाव लिहिले की बेळगावी यावरूनच जिथे लेखकाची बाजू ठरते, तिथे खऱ्या गावाचे नाव आले की वाचक गोष्ट सोडून लेखकाचीच झडती घेऊ लागतो.

आता कारकुनाविषयी. गर्दीचे महत्त्व मी नाकारत नाही. 21 डिसेंबर 1989 रोजी रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने स्वतःच जमवलेल्या सभेतून त्याच्या तोंडावर हुर्यो उठली, दूरचित्रवाणीवर ती देशभर ऐकू गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याला हेलिकॉप्टरने पळावे लागले. पण तोवर गोळ्या घालणारे सैन्य त्याच दिवशी लोकांच्या बाजूला वळले नसते, तर त्या हुर्योचे काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्याहून अधिक मनात घर केले ते फिलिपाइन्समधल्या एका प्रसंगाने. फेब्रुवारी 1986 मध्ये तिथला हुकूमशहा मार्कोस याच्या निवडणुकीची मोजणी राजधानी मनिलात चालू असताना सुमारे तीस संगणकचालक, बहुतेक तरुण स्त्रिया, आकड्यांत फेरफार होतो आहे असे सांगून यंत्रांसमोरून उठून चालते झाले. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत मार्कोसने देश सोडला. हुकूमशहा एकटा काहीच करत नाही. त्याचा खोटा आकडा कोणीतरी रोज सुवाच्य अक्षरात लिहीत असतो.

हे मला मनिलाच्या बातमीआधीच कळायला हवे होते. माझे वडील निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. काटा मारून झाला की मालक सांगेल ते वजन वहीत चढवायचे, हे त्यांचे काम. 1981 मध्ये तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, कित्येक दिवस बायकामुलांसह ते रस्त्यावरच राहिले आणि अखेर एप्रिलमध्ये गोळीबार झाला. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत असे, आज तरी ते वही मिटून घरी आले असतील म्हणून. (त्या वयात मुलांना बापाकडून फार अपेक्षा असतात.) त्यांनी वही मिटली नाही. माझ्या कारकुनाने मात्र मिटली : कोठारे रिकामी असताना ‘साठा पुरेसा’ असे लिहायला त्याने नकार दिला, त्याचे पाहून शेजारच्या टेबलावरच्याने दिला, आणि रस्त्यावरच्या गर्दीला राजवाडा आतून पोकळ झाल्याचे त्यानंतरच समजले.

ते प्रकरण मी वडिलांना वाचून दाखवले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. शेवटपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, “त्याच्या घरात खाणारी तोंडं किती होती रे?”

मी त्याला सडाफटिंग ठेवले होते. दुसऱ्या आवृत्तीत त्याला बायको आहे, म्हातारी आई आहे आणि शाळेत जाणारी तीन मुले आहेत. लेखणी खाली ठेवायला त्याला आता आणखी चाळीस पाने लागतात.