मोडीत घालण्याआधी: जुने टाक, तोडे आणि ताईत कसे पाहावेत

विटा, खानापूर, आटपाडी आणि इकडं खटाव-माण हा सगळा पट्टा गलाईवाल्यांचा. देशातल्या कुठल्याही सराफ पेठेत जा, जुनी चांदी आटवून देणारा माणूस बऱ्याचदा आपल्याकडचा निघतो. चांदी ओळखणारे हात आपल्या भागात भरपूर आहेत, आणि आजीचे तोडे मुशीत घालणंही इथं फार सोपं आहे. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यानंतर हातात राहतो टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती तो आकडा, आणि वजन. दागिना कुठल्या गावचा, कुठल्या समाजातला, हातातला की दंडातला, यातलं काहीच मागं उरत नाही. म्हणून सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्याच्या मोती चौकात मोडीसाठी आलेली वस्तू समोर असेल, तर ती आटण्याआधी काय काय तपासायचं ते इथं लिहितो.

सुरुवात वजनापासून. जुन्या वाटणीपत्रात किंवा वहीत लिहिलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा असतो, आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. कागदावर "चाळीस तोळ्यांचे तोडे" असतील तर ते ४६६ ग्रॅम भरले पाहिजेत. काट्यावर ४५५ आले तर ती झीज समजा. ४०० आले तर जोड बदललेली आहे किंवा मध्ये कधीतरी नवे घडवून घेतलेत. ही तफावत लक्षात न घेतल्यामुळं घरातल्या माणसांनी एकमेकांवर संशय घेतल्याचं खूपदा ऐकू येतं.

टंच काढायला कसोटीचा दगड आणि शोऱ्याचं तेजाब ही जुनी रीत आजही चालते. तेजाबाचा थेंब हिरवा फेसाळला तर तांबं जास्त आहे, किंवा तो जर्मन सिल्व्हर आहे. या नावात चांदी असली तरी धातूत ती औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. पण थेंब मुलाम्यावर टाकला तर उत्तर मुलाम्याचंच येतं. दुकानातल्या टंच मशीनचंही तसंच आहे, ते फक्त वरचा थर वाचतं. भरीव वस्तूसाठी माझा भरवसा पाण्यातल्या वजनावर आहे. दागिना आधी नेहमीसारखा तोला. मग दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा लटकवा आणि पुन्हा तोला. हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीनं भागा. ११७ ग्रॅमचा तोडा पाण्यात १०५.५ भरला, तर घट ११.५ आणि भागाकार १०.१७. शुद्ध चांदीचा आकडा १०.४९, ऐंशी टंचाच्या चांदीचा साधारण १०.१४, साठचा ९.८. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास येतात. वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी ब्रशनं काढा, नाहीतर आकडा खाली येतो आणि चांगली चांदी हलकी ठरते.

हा हिशेब पोकळ आणि लाखेनं भरलेल्या दागिन्याला लागू पडत नाही. वाक्या (दंडातले दागिने), पेट्या, जाड दिसणारे काही गोठ (मनगटातली कडी) आतून लाखेचे असतात. नखानं टिचकी मारली की आवाज बद्द येतो, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं वजन कमी लागतं. असा दागिना मोडीच्या भावानं विकत घेणं म्हणजे लाखेला चांदीचा दर देणं. उलट बाजूही आहे. तोच दागिना मोडणाऱ्याला फार कमी देतो, म्हणून घडणीच्या दृष्टीनं उत्तम असलेल्या वस्तू अशाच आधी नाहीशा होतात.

जुनेपणा ओळखायला भिंग लागतं, दहापटीचं पुरे. हातानं जंत्रीतून, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढलेली तार जाडीला किंचित कमी-जास्त असते. रव्याच्या कामात, म्हणजे बारीक दाणे जोडून केलेल्या नक्षीत, दाणे सगळे सारखे नसतात. तोड्याची मळसूत्री खीळ पाहा: हातानं पाडलेले आटे ओबडधोबड असतात, आणि एका तोड्याची खीळ दुसऱ्याला सहसा बसत नाही. आटे स्वच्छ आणि खीळ दोन्हीकडं बसत असेल तर निदान ती खीळ तरी अलीकडची. झीज कुठं आहे तेही बघावं. पायातला तोडा दुसऱ्या पायाच्या तोड्यावर घासतो, म्हणून आतल्या बाजूला, घोट्याकडं, एक सपाट पट्टा पडतो. सगळीकडून सारखी गुळगुळीत झीज दिसली तर ती पॉलिशच्या चाकाची आहे. कथलाचा डाख, म्हणजे वितळवून दिलेला सांधा, दिसला तर किंमत पाडून मागा. तो राखाडी आणि मऊ असतो, नखाखाली ओरखडतो. पुढं कधी चांदीचा डाख द्यायला वस्तू तापवली, तर ते कथील चांदीत शिरून तिथं भोक पाडतं.

नाण्यांच्या माळेवरून साल ठरवताना एवढंच म्हणता येतं की माळ त्या सालाआधीची नाही. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे. १९४७ चा रुपया निकेलचा. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आली. त्या नाण्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास होतं, आणि त्यावर उभा संत आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यकर्ता होता. इकडच्या ठशांत त्या दोघांचे हळूहळू राम-सीता झाले. आकृत्या जितक्या पुसट आणि अक्षरं जितकी नुसत्या रेघा होऊन गेलेली, तितका ठसा मूळ नाण्यापासून लांबचा.

आता टाक, म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा पत्र्यावर उठवलेला देव. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू हीच. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून देव उठवायचा, मागं तांब्याचा पत्रा लावायचा आणि चांदीचे काठ त्यावर वळवून दाबायचे, अशी त्याची घडण. बहुतेक टाक तळहातात सहज मावतात. पाहायला सुरुवात काठापासून करा. वळवलेला काठ एखाद्या कोपऱ्यात सुटलेला असतो. तिथून आत डोकावलं की चांदीची मागची बाजू दिसते, आणि ठोकलेल्या टाकात ती पुढच्या आकृतीच्या बरोबर उलट, खोलगट असते. मागची बाजू सपाट आणि एकजीव असेल, आकृतीच्या कडा मऊ असतील आणि भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसले, तर तो साच्यात ओतलेला आहे. हातानं ठोकलेला तांब्याचा पत्रा जाडीला सारखा नसतो. यंत्राच्या पत्र्यावर सरळ समांतर रेघा दिसतात.

रोज अंघोळ घालून पुसलेल्या टाकाची झीज नाक, कपाळ आणि घोड्याची मान इथं आधी होते. खाचांत हळद, कुंकू, गंध आणि तेलाचा कडक तपकिरी थर बसतो, आणि तो एकावर एक चढलेला दिसतो. बनावट टाक गंधकाच्या पाण्यात बुडवून काळे करतात आणि उंचवटे घासून चमकवतात. तो काळेपणा काठावर, पाठीवर, नव्या ओरखड्यातसुद्धा एकसारखा असतो. खऱ्या टाकाच्या खाचेतला थर कधीही कोरून काढू नका. तो घाण नाही, त्या घरातल्या पूजेची नोंद आहे.

घोड्यावर बसलेला प्रत्येक देव विकणारा "खंडोबा" म्हणूनच विकतो. खंडोबाच्या टाकात बहुधा म्हाळसा सोबत असते, खाली कुत्रा, आणि घोड्याच्या पायाशी मणी-मल्ल हे दैत्य. हातात त्रिशूळ-डमरू आणि सोबत कुणी नाही, तर जोतिबा किंवा भैरवाचं रूप आहे का ते पाहा. एकटा तलवारधारी स्वार बहुतेकदा वीर, म्हणजे घराण्यातला पूर्वज. ज्यांचं कुलदैवत पालीचा खंडोबा आहे अशा घरात खंडोबा आणि वीर दोन्ही एकाच देव्हाऱ्यात सापडतात, आणि मोडीला येताना ते एकाच फडक्यात बांधून येतात. असा संच फोडू नये. वेगवेगळे विकले की कुठला वीर कुठल्या देवासोबत होता हे कायमचं हरवतं. आणि पूजेत असलेला टाक कितीही सुंदर असला तरी मागायचा नाही. झिजला म्हणून घरच्यांनी नवा केला आणि जुना त्यांना ठेवायचा नसेल, तेव्हाच विचारावं.

गळ्यात किंवा दंडात बांधायच्या डब्यांचा एक वेगळाच गट आहे. आपल्याकडं ताईत आणि पेट्या, मिरज-जतकडं लिंगायत घरांत इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि तिकडं लडाख, तिबेट, नेपाळात गाऊ. घडणीचा विचार तिन्हींत एकच: आतली पवित्र वस्तू अंगावर वागवायची, म्हणून कड्या भक्कम आणि झाकण घट्ट. लष्करातल्या माणसांमुळं साताऱ्याच्या घरांतही एखादा गाऊ निघतो. गाऊची पुढची बाजू चांदीची आणि मागची पुष्कळदा तांब्याची असते, म्हणून मागं तांबं दिसलं की नकली असं समजू नये. दोरी ओवायच्या नळ्यांची आतली कड पाहा. वर्षानुवर्षं अंगावर वागवला असेल तर ती एका बाजूला पातळ झालेली असते. फिरोजा खरा की रंगवलेला दगड, हे पाहायला नेलपॉलिश काढायच्या द्रावात कापूस भिजवून मागच्या बाजूला हलकेच फिरवा. कापूस निळा झाला तर रंग चढवलेला आहे. कापूस कोरा राहिला म्हणून दगड खरा ठरत नाही, कारण पक्के रंगही असतात आणि चुरा चिकटवून केलेले दगडही.

कायद्याचं थोडक्यात. पुरावस्तू कायदा १९७२ चा, तो १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, धातूच्या अशा मूर्तीची नोंदणी लागते, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. शेतात नांगरताना सापडलेलं गुप्तधन १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. चांदीत मढवलेलं वाघनख किंवा हस्तिदंती चुडा कितीही जुना असो, विकत घ्यायचा नाही. वन्यजीव कायदा आड येतो. देवळातले मुखवटे, प्रभावळीचे तुकडे, पालखीची चांदी समोर आली तर हात लावण्याआधी ती कुठून आली हे लेखी मागा. मिळत नसेल तर तिथंच थांबा.

साफसफाईत सर्वाधिक नुकसान चिंच-मिठानं होतं, आणि तेही पितळ-काशाच्या मूर्तींचं. चिंचेनं झळाळी येते, पण मिठातला क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत राहतो आणि पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी होऊन वर येतो. पुसली तरी पुन्हा येते, आणि खाली खड्डा पडत जातो. महाबळेश्वर-पाटणच्या दमट हवेत हे फार लवकर होतं, माणच्या कोरड्या हवेत उशिरा. अशी मूर्ती मिठाशिवाय, डिस्टिल्ड पाण्यानं दोन-तीनदा धुवून, पूर्ण वाळवून ठेवा. भुकटी तरीही आली तर धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्याला दाखवा. चांदीला टूथपेस्ट नको, त्यातली खर ठशाच्या रेघा घासून नेते. सोडा-अॅल्युमिनियमचं उकळतं पाणी लाखेच्या दागिन्याला तर मुळीच नको, लाख मऊ होऊन पत्रा बसतो. ठेवताना रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र टाळा. तिन्हींमुळं चांदी काळी पडते. धुतलेलं कोरं मांजरपाट आणि डब्यात सिलिका जेलची पुडी एवढं पुरतं. पटवेकऱ्यानं (दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्यानं) गाठलेला जुना दोरा बदलावा लागला तर आधी गाठीचा फोटो घ्या, आणि जुना दोरा त्याच डब्यात ठेवा.

प्रत्येक वस्तूसाठी एक कार्ड करा. वजन ग्रॅममध्ये, पाण्यातला आकडा, टंच, लांबी-रुंदी, पुढून, मागून आणि काठावरून असे तीन फोटो. त्याखाली, वस्तू विकणाऱ्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून: याला घरात काय म्हणत, कुठं घालत, कोण घालत, कुठल्या सणाला, आणि कुठल्या गावच्या सोनारानं केलं. ती जो शब्द वापरेल तोच लिहा, तो सुधारून पुस्तकी करू नका. एकाच दागिन्याला तासगावात एक नाव आणि माणमध्ये दुसरं असू शकतं. वस्तू शेवटी मोडीत जाणारच असेल, तरी हे कार्ड आधी पूर्ण करा. त्याला वीस मिनिटं लागतात, आणि भट्टी तेवढी थांबते.