अर्धं केळं

"याला काही खायला दिलंत का?"

डॉक्टरांनी विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी आईच्या हाताकडे बघितलं. पदराआड अर्धं केळं होतं.

भाचा ३ वर्षांचा. देवघरातलं नाणं गिळलं. केळ्याबरोबर ते खाली उतरेल, हा आईचा उपाय. माशाचा काटा अडकला की भाताचा गोळा, तसंच. पण पोटात केळं म्हणजे भूल द्यायला ६ तास थांबणं आलं. भुलीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते.

एक्स-रेत अन्ननलिकेच्या तोंडाशीच पांढराशुभ्र गोल दिसत होता. आम्हाला नाणंच दिसलं. डॉक्टर मात्र नुसती त्याची कड बघत होते. मोठं करून, पुन्हा पुन्हा.

"कड एकेरी आहे. दुहेरी असती तर बटण-सेल समजून याला आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला आत घेतला असता."

हा बटणासारखा चपटा सेल अडकला तर २ तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. तिथे केळं-बिळं बघत बसत नाहीत.

संध्याकाळी दुर्बिणीतून चिमट्यानं नाणं निघालं. १ रुपया. भाचा शुद्धीवर आल्या आल्या आईस्क्रीम मागत होता, लबाड!

रात्री घरी आल्यावर वजनकाट्यातला सेल काढला. २०३२ नंबरचा, म्हणजे २० मिलिमीटर रुंद. नव्या रुपयावर ठेवला. कडेला कड लागली.

आई तेव्हापासून गप्पच आहे. तिला काय सांगू? मीही केळंच दिलं असतं.