किलिमांजारो सोडून एल्गन का?

कंपालात राहते म्हटलं की पुण्याची प्रत्येक मावशी विचारते, "किलिमांजारो केलास का गं?" नाही केला. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "तो सोडून हे एल्गन कुठलं काढलंस?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खिशाचं कारण आहेच, ते लपवत नाही. पण तेवढंच नाही.

एल्गन युगांडा-केनियाच्या सीमेवरचा, केव्हाच विझलेला ज्वालामुखी. शिखर वागागाई, 4321 मीटर. पायथा मात्र जवळजवळ 80 किलोमीटर रुंद, त्यामुळे लांबून डोंगर वाटतच नाही, जमीनच जरा फुगल्यासारखी दिसते. किलिमांजारोला गाडी थेट जंगलाच्या गेटाशी सोडते. इथे बुदादिरी गावातून निघालं की आधी लोकांच्या परसातून चालायचं. केळी, केळीच्या सावलीत कॉफी, मध्येच घेवडा, अंगणात वाळत घातलेल्या कॉफीच्या बिया. बागिसू लोक या डोंगराला मसाबा म्हणतात. त्यांच्या मूळपुरुषाचं नाव ते. "मुलेंबे" म्हटलं की दारातून "मुलेंबे" परत येतं.

माती इतकी सुपीक की उतारावरचा तसूभर तुकडाही मोकळा नाही. आणि हीच माती 2010 च्या मार्चमध्ये याच डोंगरावरच्या बुदुदात पावसाने सुटली, शेकडो माणसं गाडली गेली. चढताना माळीण डोक्यातून जाईना.

शेतं संपतात तिथे सरळ कडा, त्यावर शिड्या. नाव "वॉल ऑफ डेथ". खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर गाठलेल्या माणसाने हसावं असं नाव, पण मी घाबरले, कारण वरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन, एक हात मोकळा ठेवून उतरत होत्या. मला तर दोन्ही हात पुरत नव्हते.

वर बांबूचं रान. पायाखाली चिखल, आजूबाजूला किर्र हिरवं. बांबूचे कोंब म्हणजे इथलं मलेवा: धुरावर वाळवतात आणि दाण्याच्या कुटात रटरटवतात. नंतर म्बाले शहरात खाल्लं. आपल्या वास्त्याच्या भाजीला धुराचा वास लावला तर होईल तसं.

त्याच्या वर झाडं विरळ होतात आणि माणसाहून उंच लोबेलिया नि सेनेशियो दिसू लागतात. सेनेशियो वाळलेली पानं टाकत नाही, खोडाभोवती गोधडीसारखी ठेवतो. मुदे गुहेजवळच्या मुक्कामात रात्री मला त्याचा हेवा वाटला. शिखराचं विचाराल तर धुकं होतं. विवर दिसलं नाही.

चौथ्या दिवशी उतरलो, तर बुदादिरीत काही म्हातारे एका मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी मलवा, म्हणजे इथली घरगुती दारू, ओढत होते. कशाची म्हणून विचारलं. आमच्या हमालाने मूठभर धान्य तळहातावर दाखवलं. नाचणी! म्हटलं, हे आमच्या कोकणातलं. तो म्हणाला, "छे, आमचंच. तुमच्याकडे कुणी नेलं?"

नाचणीचं मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातलंच, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी उत्तर सुचेना. एक नळी माझ्याकडे आली.