चार बोटं की पाच : आप्पांबरोबर अल्गॉन्क्विनच्या बर्फात

हंट्सव्हिल अजून वीसेक किलोमीटर होतं. हायवे ११ च्या कडेला पांढरंशुभ्र शेत, त्याच्या टोकाला काळी झाडी, आणि आप्पा एकदम ओरडले, "लांडगा! अगं थांब, लांडगा!"

हायवेवर असं थांबता येत नाही. वेग कमी करून मी नजर टाकली. करड्या-तपकिरी रंगाचं जनावर मान खाली घालून झाडीच्या कडेकडेनं चाललं होतं. लांब निमुळतं नाकाड, डोक्याच्या मानानं मोठे टोकदार कान.

"कायोटी आहे आप्पा." नऊ वर्षं कॅनडात काढलेल्या माणसाच्या आवाजात मी सांगून टाकलं. कायोटी म्हणजे लांडग्याचाच उत्तर अमेरिकेतला, लहान चणीचा भाऊबंद.

"कसला कायोटी? सुप्याच्या माळावर असली कितीतरी बघितलीत मी."

वाद तिथेच थांबला, कारण धपाट्यांचा डबा उघडला होता. पण रात्री मोटेलवर झोपताना लक्षात आलं की आप्पांचं अगदीच चुकलं नव्हतं. आपल्याकडचा लांडगा असतो साधारण वीस किलोचा. कॅनडातल्या या ओंटारिओ प्रांतातला कायोटी पंधरा ते वीस किलोचा, आणि फेब्रुवारीतल्या केसांच्या झुलीमुळे तो तिसाचा दिसतो. ज्या माणसानं आयुष्यभर बारामती तालुक्यातला लांडगा पाहिलाय, त्याच्या मापानं तो लांडगाच. माझं माप कुठून आलं होतं, तर पार्कच्या माहितीफलकावरून.

आप्पांना थंडीत आणू नकोस असं सगळ्यांनी बजावलं होतं. त्यांना मात्र बर्फच बघायचा होता. "उन्हाळा काय, सुप्यात पण असतो." मग त्यांना माझे जुने स्नोबूट चढवले, डोक्याला मफलर, त्यावर माझ्या नवऱ्याची टोपी, आणि टोरांटोजवळच्या मिसिसागाहून निघालो.

अल्गॉन्क्विन हे ओंटारिओतलं सगळ्यात जुनं प्रांतिक उद्यान, 1893 सालचं. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मं. त्याच्या दक्षिण टोकातून हायवे 60 जातो, छप्पन किलोमीटर, आणि बहुतेक पाहुणे तेवढंच बघतात. आम्हीही तेवढंच बघितलं.

सकाळी उणे एकोणीस होतं. व्हिजिटर सेंटरच्या मागच्या लाकडी गच्चीवरून खाली संडे क्रीकचं गोठलेलं खोरं दिसतं. गाडीखाली मेलेला एखादा मूस पार्कची माणसं हिवाळ्यात त्या खोऱ्यात नेऊन टाकतात. मूस म्हणजे घोड्याएवढा उंच हरणांचा दादा. त्या मढ्यावर डोमकावळे येतात, कोल्ह्याच्या जातीची लाल खोकडं येतात, आणि नशीब असेल तर लांडगेही येतात. आमच्या शेजारी तिपायावर दुर्बीण लावून एक आजोबा पहाटेपासून उभे होते. आप्पांची आणि त्यांची भाषा एक नाही, पण पाचच मिनिटांत दोघं एकमेकांना थर्मासमधलं काहीतरी पाजत होते.

साडेनऊच्या सुमाराला डोमकावळे एकदम उठले. झाडीतून तीन जनावरं बाहेर आली.

मी मनातल्या मनात फलक वाचायला लागले. थोबाड रुंद आहे का? बऱ्यापैकी. कान लहान आणि गोलसर? एकाचे हो, दुसऱ्याचे टोकदार वाटतायत. पाय लांब? बर्फात पोटापर्यंत बुडालेले, काय कळणार. पाठीवर काळे-करडे केस, कानामागे आणि पायांवर तांबूस झाक. ही झाक इथल्या पूर्वेकडच्या लांडग्याची खूण म्हणून सांगतात, पण कायोटीलाही ती असतेच. आकार म्हणावा तर सोबत कुत्रं उभं केल्याशिवाय दोनशे मीटरवरून आकार समजत नाही.

आप्पांनी मात्र सगळ्यात आधी शेपटी पाहिली. "कुत्रं नाही. कुत्र्याची शेपटी अशी सरळ लोंबत नाही, वर वळते." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तो पुढचा मालक. बघ, बाकीचे त्याच्याकडे बघून मग तोंड घालतायत."

गच्चीवर आलेल्या पार्कच्या मुलीला मी विचारलं, हे नक्की लांडगेच ना? ती हसली. कळप करून राहतात, पार्कच्या मधोमध राहतात, म्हणून आम्ही त्यांना लांडगे म्हणतो, पण नुसतं बघून शपथ घ्यायला सांगाल तर नाही घेणार, असं तिचं उत्तर. शपथ घ्यायची तर केस, लेंडी किंवा रक्त हवं, आणि प्रयोगशाळा हवी.

हा घोळ झाला कसा, ते आप्पांना सांगताना मलाच नीट समजलं. या भागात मुळात पूर्वेकडचा लांडगा राहायचा. मादी चोवीस-पंचवीस किलोची, नर तीसच्या आसपास, खाणं म्हणजे हरणं, बीव्हर (ओढ्यांवर बांध घालणारा उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) आणि जमलं तर मूस. उत्तरेला आणि पश्चिमेला त्याच्याहून थोराड करडा लांडगा. कायोटी इकडचा नव्हेच, तो पश्चिमेकडच्या गवताळ रानातला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी दक्षिण ओंटारिओतली जंगलं तोडून शेतं केली, लांडगे मारून संपवले, आणि त्या रिकाम्या जागेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायोटी शिरला. करडा लांडगा कायोटीशी सहसा जोडी करत नाही, तो त्याला मारतो. पूर्वेकडचा लांडगा मात्र दोघांशीही करतो. त्यामुळे त्याच्यातून इकडचं रक्त तिकडे जातं. इथला कायोटीही मग शुद्ध राहिलेला नाही. त्याच्यात लांडगा आहे आणि थोडं गावकुत्रंही आहे. वर्तमानपत्रं त्याला 'कायवुल्फ' म्हणतात. ते नाव मला आवडत नाही, कारण त्यानं एक नवाच प्राणी जन्माला आल्यासारखं वाटतं. खरं तर ही सरमिसळ आहे, प्रत्येक जनावरात वेगवेगळ्या मापाची.

शास्त्रज्ञांतही एकमत नाही. पीटरबरोच्या ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली म्हटलं की पूर्वेकडचा लांडगा ही स्वतंत्र जात आहे. 2016 साली अमेरिकेतल्या एका गटानं जनुकं वाचून सांगितलं की नाही, हीसुद्धा करडा लांडगा आणि कायोटी यांची मिसळच आहे. त्याच वर्षी ओंटारिओ सरकारनं त्याला 'अल्गॉन्क्विन लांडगा' असं नाव देऊन धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं.

"म्हणजे भावकीचं भांडण," आप्पा म्हणाले. "सातबारा कुणाच्या नावावर, त्याचा."

दुपारी ओपिओंगो रस्त्यावर चालायला गेलो. हिवाळ्यात तो पुढे बंद असतो, त्यामुळे गाड्या नाहीत. आणि इथे आप्पांनी माझी शिकवणी घेतली. रस्त्याच्या कडेनं एक सरळ माग गेला होता, दोरी ओढल्यासारखा. पुढच्या पावलाच्या ठशातच मागचं पाऊल. "कुत्रं असं चालत नाही. ते हुंगत, भरकटत जातं. याला पोचायचंय, म्हणून ताकद वाचवतोय." मी म्हटलं, एकटाच गेलेला दिसतोय. ते काही बोलले नाहीत, मागाच्या कडेनं चालत राहिले. वळणावर माग फुटला आणि एकाचे तीन झाले. खोल बर्फात पुढच्याच्या ठशात पाय ठेवत मागचे चालले होते.

मग मापाचा प्रश्न. कायोटीचा ठसा सहा-सात सेंटिमीटर, मोठ्या लांडग्याचा दहाच्या वर. आप्पांनी हातमोजा काढला, मी नको नको म्हणत असताना बर्फात बोटं टेकवली. चार बोटं म्हणजे कायोटी, पाचाच्या पुढे लांडगा, असा हिशेब लावला. ठसा निघाला साडेचार बोटांचा. त्यात कालच्या उन्हानं कडा वितळल्या असतील तर तो मूळचा लहानच. आप्पा बोटं काखेत घालून उभे राहिले आणि मनापासून हसले.

परतताना मी त्यांना इथली जुनी गोष्ट सांगितली. 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पार्कचे रेंजरच लांडगे मारत होते. मग डग्लस पिमलॉट नावाच्या संशोधकानं इथे अभ्यास सुरू केला. माणसानं लांडग्यासारखा आवाज काढला की लांडगे उत्तर देतात, हे इथल्या मंडळींच्या लक्षात आलं. 1963 च्या ऑगस्टमध्ये लोकांना ते ऐकायला बोलावलं, तर सहाशेच्या वर माणसं जमली. लांडग्याचा सूर खालचा, लांबलेला. कायोटी सुरुवात बरी करतो, पण लगेच आवाज फाटून त्याची कोल्हेकुई होते. मिश्र जनावर मधेच कुठेतरी.

पार्कात जीव वाचला, पण हिवाळ्यात हरणांच्या मागे लांडगे हद्दीबाहेर जात आणि फासात नाही तर गोळीनं मरत. 2001 पासून भोवतालच्या गावांच्या हद्दीतही शिकार थांबली, 2004 मध्ये ती बंदी कायम झाली. बंदी लांडग्यांपुरती ठेवली नाही, कायोटीही त्यात घातला, कारण नेम धरणाऱ्याला फरक कळणार कसा?

"हे अकलेचं काम केलं," आप्पा म्हणाले. "गोळी घातल्यावर रक्त तपासून काय उपयोग?"

बंदीनंतर जे दिसलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी पार्कच्या पूर्व भागातल्या ऐंशी टक्के कळपांत बाहेरचं, नात्यातलं नसलेलं जनावर होतं. बंदीनंतर ते प्रमाण सहा टक्क्यांवर आलं. जोडीदार मारला गेला की उरलेला लांडगा मिळेल त्याच्याशी घर मांडतो, मग तो कायोटी का असेना. घर शाबूत राहिलं की तो कायोटीकडे फारसा फिरकत नाही.

हे ऐकून आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. पुण्याजवळच्या माळांवरही आता लांडगा आणि गावकुत्रं यांचा संकर जनुकीय तपासणीत सापडलाय, हे त्यांना माहीत होतं. "आपल्याकडं पिवळट एक फिरायचं, कळपाबरोबर. नाना म्हणायचे, ह्याचा बाप गावातला आहे. आम्ही हसायचो."

रात्री मोटेलच्या वायफायवरून गावाकडच्या नानांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, मागे वाघरीतली मेंढरं ओरडत होती.

"दिसला का लांडगा?" नानांनी विचारलं.

"दिसला की. तीन होते."

"लांडगाच ना?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ते रक्त तपासल्यावर कळतं म्हणे. तू सांग, कोकरांना खोकला होता तो गेला का?"