डिस्चार्जनंतर फोन करा, पण कोणत्या?

छातीत त्वचेखाली बसवायच्या डिफिब्रिलेटरची रुग्णांसाठीची पुस्तिका इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायची होती. हृदयाचे ठोके जीवघेण्या वेगाने पडू लागले की हे यंत्र आपणहून विजेचा झटका देतं. या पुस्तिकेत 'डिस्चार्ज' हा शब्द ठायीठायी होता आणि त्याचे अर्थ निरनिराळे. यंत्राचा झटका असेल तर स्पॅनिशमध्ये 'देस्कार्गा', जखमेतून पू येत असेल तर 'सुपुरासिओन', रुग्णालयातून घरी सोडलं तर 'आल्ता'. (स्पेनमध्ये नव्या कामगाराची सामाजिक सुरक्षेत नोंद झाली तरी 'आल्ता'च म्हणतात. एकीकडे सुटका, दुसरीकडे प्रवेश. पण संदर्भ असला की वाचक अडत नाही.)

माझ्यापुढे संदर्भच नव्हता. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये सुटा सुटा, वाक्यावाक्याने आला होता आणि मेमरीतून, म्हणजे आधीच्या अनुवादांच्या साठ्यातून, जुना 'देस्कार्गा' आपोआप भरला जात होता. अगदी जखमेच्या काळजीच्या सूचनेतही! तिथे शेजारी टाके, सूज, ताप हे शब्द होते, त्यामुळे ते लगेच सुधारता आलं.

अडलं ते एका छोट्या वाक्यापाशी : डिस्चार्जनंतर डॉक्टरांना फोन करा. घरी सोडल्यावर की झटका बसल्यावर? दोन्ही अर्थ चपखल बसत होते. मी 'आल्ता' लिहिलं आणि मूळ अर्थ झटक्याचा निघाला, तर झटका बसलेल्या माणसाला फोन करायचं सांगणारी ओळच पुस्तिकेत उरणार नव्हती. अशा ठिकाणी अंदाज बांधणं मला मान्य नाही, मग डेडलाइन कितीही जवळ असो. काम त्याच संध्याकाळी हवं होतं, तरी छापील पानांची पीडीएफ मिळाल्याशिवाय फाइल देणार नाही, असं मी प्रोजेक्ट मॅनेजरला कळवलं.

पीडीएफ आली. वाक्य झटक्याविषयीच्या चौकटीत होतं, तेव्हा अर्थाचा प्रश्न मिटला. तरीही नुसता 'देस्कार्गा' मला पुरेसा वाटेना, कारण बॅटरी उतरणं यालाही स्पॅनिशमध्ये 'देस्कार्गा'च म्हणतात आणि या यंत्राला बॅटरी असतेच. म्हणून वाक्य फोडून लिहिलं : 'डिफिब्रिलेटरने तुम्हाला झटका दिला, तर डॉक्टरांना फोन करा.' दोन-चार शब्द वाढले, चौकटीत जेमतेम मावले. मेमरीतली ती मोघम नोंद काढून टाकली आणि क्वेरी शीटमध्ये, म्हणजे शंका कळवायच्या तक्त्यात, क्लायंटला सुचवलं, की झटक्यासाठी इंग्रजी मजकुरातच सगळीकडे 'शॉक' लिहा. बाकीच्या भाषांचे अनुवादकही याच वाक्यापाशी अडणार आहेत.