आमची वाटचाल : आयोडीनच्या बाटलीपासून हिमोग्लोबिनच्या माळेपर्यंत

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा घेऊन 2011 साली आम्ही व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे विकण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयांच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेला लागणारी अभिकर्मके, म्हणजे पदार्थ ओळखण्यासाठी वापरायची रसायने. मी तोवर एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करत होतो. कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिक आम्ले ही नावे मुले घडाघडा म्हणत, पण त्यांपैकी तीन प्रकारचे रेणू लहान एकके जोडून बनलेल्या लांबच लांब साखळ्या असतात आणि साखळी कशी जोडली आहे यावरच तिचे शरीरातील काम ठरते, हे त्यांच्या मनात उतरत नसे. ते उतरवणारे साहित्य बनवायचे, हे आम्ही पहिल्या दिवसापासून ठरवले होते.

आमचे पहिले उत्पादन आयोडीनचे द्रावण होते. पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात आयोडीन विरघळवणे अवघड नाही, ते टिकवणे अवघड असते. प्लॅस्टिकच्या बाटलीत आयोडीन हळूहळू भिंतीत मुरते आणि उडूनही जाते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांपर्यंत द्रावण फिके पडते. म्हणून फुटतूट आणि वाढीव खर्च सोसूनही आम्ही गडद तपकिरी काचेच्या बाटल्याच वापरल्या, आणि शिक्षकांनी त्याचमुळे आमचे नाव लक्षात ठेवले. या बाटलीबरोबर आम्ही ज्वारीच्या पिठाची आणि कापसाची अशा दोन पुड्या देतो. पिठाच्या शिजवलेल्या पाण्यावर दोन थेंब टाकले की ते गर्द निळे होते, कापूस मात्र पिवळट तपकिरीच राहतो. दोन्ही पदार्थ ग्लुकोजचेच बनलेले असूनही असे होते, कारण पिष्टातील (स्टार्चमधील) अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि आयोडीन तिच्या पोकळीत जाऊन बसते, तर सेल्युलोजमध्ये ग्लुकोजची एकके वेगळ्या बंधाने जोडलेली असल्यामुळे साखळ्या सरळ राहतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून धागे बनवतात. ज्वारीचे दाणे आपण खातो आणि कडबा बैलाला घालतो, त्यामागे हाच फरक आहे. पिष्ट हा वनस्पतीचा साठा असतो आणि आपली विकरे (पचनासारख्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) तो फोडू शकतात. सेल्युलोज हा तिचा आधार असतो आणि तो फोडण्याचे काम बैलाच्या पोटातील सूक्ष्मजीव करतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन हेही ग्लुकोजचेच असते, फक्त त्याला फांद्या पुष्कळ असतात आणि त्यामुळे गरज पडताच त्यातून ग्लुकोज चटकन मोकळे करता येते.

पुढे आम्ही प्रथिनांसाठी बाययुरेट द्रावण आणले. मोरचूद आणि अल्कली यांच्या या द्रावणात पेप्टाइड बंध, म्हणजे प्रथिनाची अमिनो आम्ले ही एकके जोडणारे दुवे, असलेला पदार्थ जांभळा होतो. अनेक शाळांत अंडे आणणे चालत नाही, म्हणून हरभऱ्याचे पीठ भिजवून गाळलेल्या पाण्यावर हीच परीक्षा कशी करावी, हे आम्ही माहितीपत्रकात छापतो. पण रंग पाहून प्रथिनाचे काम कळत नाही, आणि इथूनच आम्ही प्रतिकृतींकडे वळलो. कोलॅजेनची तिपेडी रचना आम्ही प्रथम केली. हाडे, कातडी आणि स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या या प्रथिनात दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, आणि ती रचना 1950 च्या दशकात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मद्रासमध्ये मांडली होती, ही बाब विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी असे मला वाटते.

आमच्या कामाला खरी दिशा मिळाली ती नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेच्या शिक्षिकेमुळे. त्यांच्या वर्गात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले होती, आणि हा आजार मुलांना दिसेल असे काही करून द्या, अशी मागणी त्यांनी केली. रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, 141 अमिनो आम्लांच्या दोन आणि 146 च्या दोन. आम्ही 146 मण्यांच्या दोन माळा केल्या. निरोगी माळेत सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा आहे, दुसरीत त्याजागी व्हॅलिनचा, आणि बाकीचे 145 मणी सारखेच आहेत. एवढ्या एका बदलामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात, लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना का होतात आणि हा आजार कोणाच्या स्पर्शाने का होत नाही, हे ती माळ हातात घेऊन मुलांना सांगता येते. आमच्या सर्व उत्पादनांत मला याचे समाधान सर्वाधिक आहे.

या माळेला जोडूनच डीएनए या न्यूक्लिक आम्लाची प्रतिकृती आली. डीएनएचा मजकूर ए, टी, जी आणि सी या चार एककांच्या अक्षरांत लिहिलेला असतो, आणि सहावा मणी बदलतो तो जनुकातील जीएजी या तीन अक्षरांचे जीटीजी झाल्यामुळे. डीएनए मजकूर जपतो, आरएनए त्याची प्रत रायबोसोम या पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या कणापर्यंत नेतो आणि तिथे अमिनो आम्ले त्या क्रमाने जोडली जातात. बाजारात उलट्या पिळाच्या प्रतिकृती सर्रास मिळतात, पण पेशीतील डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा असतो. आमच्याकडे काम करणाऱ्या बचत गटाच्या ताई प्रत्येक प्रतिकृती खोक्यात भरण्यापूर्वी तिच्याशेजारी एक साधा स्क्रू धरतात आणि दोन्हींचे आटे एकाच दिशेने चढतात का, हे पाहतात. ए आणि टी यांच्या जोडीला दोन खुंट्या, जी आणि सी यांच्या जोडीला तीन, हेही आम्ही कटाक्षाने पाळतो.

मेदांचा संच आम्ही छोटाच ठेवला आहे. मेद ही एककांची साखळी नसते, त्यामुळे काटेकोरपणे पाहता ते महारेणू, म्हणजे असंख्य एककांचे प्रचंड रेणू, ठरत नाहीत. तरीही पाण्याला जवळ करणारे डोके आणि पाण्यापासून दूर राहणाऱ्या दोन शेपट्या असलेले फॉस्फोलिपिड रेणू दुहेरी थर करतात, आणि त्या थरावाचून पेशीला सीमाच उरत नाही, म्हणून तो थर दाखवणारी पाटी संचात असते.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मागणी जवळजवळ थांबली. मग आम्ही घरी करता येतील असे संच बनवले, ज्यांत केळ्यातून डीएनए वेगळे काढण्यासाठी मीठ, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि गाळणी एवढेच साहित्य आणि सविस्तर कृती होती. या कृतीत लागणारे थंड अल्कोहोल मोठ्या माणसांनी हाताळावे, अशी सूचनाही होती. आजही ग्रामीण शाळा हाच संच सर्वांत जास्त मागवतात. सध्या आम्ही विकरांच्या संचावर काम करत आहोत. लाळेतील अमायलेजमुळे पिष्टाच्या पाण्याची निळाई किती वेळात जाते, हे वेगवेगळ्या तापमानांना मोजण्याची सोय त्यात असेल, आणि त्याची किंमत शाळेच्या किरकोळ खर्चाच्या तरतुदीत बसावी यासाठी परीक्षानळ्यांचा आकार आम्ही लहान करत आहोत.