दिवे घाटात इरावतीबाई

आज माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालत आले. दिवे घाटात पाय भरून आले, पण डोक्यात सारख्या इरावती कर्वे होत्या. डेक्कन कॉलेजात १९३९ पासून शिकवणाऱ्या या मानववंशशास्त्रज्ञ बाई वारीकडे काठावरून बघत राहिल्या नाहीत, दिंडीत चालल्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हे त्यांना सललं, आणि तसं त्यांनी लिहिलंही. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्याही त्यांचीच! भक्तीत मनापासून रमायचं आणि तरी पंगतीतल्या भेदाकडे डोळेझाक करायची नाही, हे मला फार मोठं वाटतं.

रात्री जेवताना शेजारच्या मावशींनी गाव विचारलं, आडनाव नाही. सगळीकडे असंच असेल असं म्हणणार नाही. पुढच्या वर्षी पंढरपूरपर्यंत चालायचं ठरवलंय. कोण कोण येतंय?